रोटे कार्टे, तीन किलो रुबार्ब आणि एकशे चाळीस सॉसेजेस

परवा रात्री साडेअकराला इथल्याच, बर्लिनमधल्याच एका मैत्रिणीचा मेसेज आला. मुलाच्या किटाच्या (म्हणजे आपली बालवाडी अधिक पाळणाघर) समरफेस्टमध्ये ग्रिल तिच्या गळ्यात पडलंय, आयुष्यात कधी सॉसेज भाजलेलं नाही, वर कुठलंतरी कार्ड काढायला सांगितलंय, आता काय करू. तिला मी जे लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवले तेच इथे क्रमाने लिहून ठेवतेय, कारण २०२४ मध्ये मी पण अश्शीच घाबरले होते आणि तेव्हा मराठीत तर सोडाच, समजेल अशा जर्मनमध्येसुद्धा कुणी काही धड सांगितलं नव्हतं.

सुरुवात झाली २० मार्चला, बुधवारी, पालकसभेत. सभा सहाला होती, मी ऑफिसमधून धावत सव्वासहाला पोचले. बर्लिनमध्ये पंधरा मिनिटं उशीर म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. तीन वर्षांच्या पोरांच्या खुर्च्यांवर सगळे आईबाप गुडघे हनुवटीला लावून बसलेले आणि भिंतीवरचा कागद फिरून परत भिंतीवर गेलेला. केकच्या रकान्यात नऊ नावं, सॅलडमध्ये सात, आवराआवरीत पाच, आणि ग्रिलसमोर एकच नाव, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. ते नाव एका बाबाचं होतं, त्यालाही बहुतेक कुणीतरी न विचारताच लिहिलेलं. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, अरे वा, तू इंडियन आहेस ना, म्हणजे करीवुर्स्टची करी तुझी.

आता करीवुर्स्टमध्ये, म्हणजे वर टोमॅटोचा सॉस आणि करी पावडर घातलेल्या सॉसेजमध्ये, आपली करी म्हणावी असं काहीही नसतं हे त्याला त्या छोट्या खुर्चीवर बसून कुठे समजावणार. मी हो म्हणाले. माहेर सांगलीचं, घरात मटण व्हायचं दर रविवारी, पण भाजणं म्हणजे माझ्या लेखी गॅसवर भरताचं वांगं आणि पावसाळ्यात मक्याचं कणीस, तेवढंच.

पहिलं काम कागदांचं. इथे जो कुणी कामधंदा म्हणून लोकांसाठी अन्न शिजवतो त्याला आरोग्य खात्याकडून संसर्गाबद्दलची माहिती ऐकून सही करावी लागते, त्याचं प्रमाणपत्र मिळतं, बर्लिनमध्ये त्याला सगळे रोटे कार्टे म्हणजे लाल कार्ड म्हणतात. फुटबॉलमध्ये दाखवलं की बाहेर जावं लागतं, इथे दाखवलं की आत येता येतं. वर्षातून एक दिवस फुकट राबणाऱ्या आईबापांना ते लागतं की नाही यावर आमच्या ग्रुपवर दोन दिवस चर्चा चालली, वेगवेगळ्या राज्यांचे वेगवेगळे दाखले आले, शेवटी किटाची मुख्य बाई म्हणाली की सगळ्यांना नको, पण ग्रिलवर जो मुख्य असेल त्याचं मला फाइलला हवंय. मुख्य कोण, तर ज्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह नाही तो. म्हणजे मी.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. हे प्रमाणपत्र पहिल्यांदा कामाला लागता तेव्हा तीन महिन्यांपेक्षा जुनं असून चालत नाही. आमचं फेस्ट २१ जूनला. मी उत्साहात लगेच दुसऱ्या दिवशीची वेळ शोधत होते, ती मिळाली असती तर २१ मार्चचा कागद आणि २१ जूनचं फेस्ट, बरोब्बर काठावर, आणि काठावरच्या तारखेवर जर्मन माणसाशी वाद घालण्याइतकी ताकद माझ्यात नाही. नशिबाने वेळ मिळाली ती जवळजवळ तीन आठवड्यांनंतरची, ९ एप्रिलची. ती घेऊन टाकली आणि मग कॅलेंडर बघितलं तर त्या दिवशी गुढीपाडवा. सकाळी बाल्कनीत गुढी उभारली, कडुलिंब काही मिळाला नाही, साखरेची गाठी नणंदेने पाठवलेली होती, आणि नऊ वाजता आरोग्य कचेरीत.

आत पंधरावीस जण, बरेचसे हॉटेलात नव्याने लागणारे विद्यार्थी, एक आइस्क्रीमवाला आणि मी. एक फिल्म दाखवली, साधारण अर्धा तास. जुलाब, उलट्या, कावीळ, हातावर पिकलेली जखम, यातलं काहीही असेल तर अन्नाला हात लावायचा नाही आणि ते सांगणं तुमचीच जबाबदारी, एवढं त्याचं सार. साल्मोनेला, शिगेला, कॉलरा अशी नावं येत राहतात, जर्मन कच्चं असेल तरी चित्रांवरून कळतं. शेवटी सही, ओळखपत्र दाखवायचं, पैसे कार्डने. मला २० युरो पडले. कागद मिळाला तो पांढरा, साधा ए-फोर, लाल नाहीच. घरी आल्यावर खालच्या मजल्यावरच्या आजोबांना दाखवला तर ते खो खो हसले, म्हणाले तुम्ही लोक नशीबवान, आमच्या वेळी डबीत शौचाचा नमुना घेऊन जावं लागायचं. ते खरं आहे, २००१ मध्ये नवा कायदा आला तेव्हापासून ती तपासणी जाऊन ही सही आली. तर ज्यांना रांगेचा कंटाळा येईल त्यांनी त्या डबीचा विचार करावा. आणि जाताना ओळखपत्र विसरू नका, माझ्या पुढच्या मुलाला त्यापायी परत पाठवलं.

दुसरा कागद ॲलर्जीचा. युरोपात १४ गोष्टी ठरलेल्या आहेत, गहू वगैरेतलं ग्लुटेन, अंडं, दूध, मासे, शेंगदाणे, सोया, सेलरी, मोहरी, तीळ अशा, त्यातलं जे काही पदार्थात असेल ते लिहून लावायचं. आमच्या किटात एका मुलीला मोहरीची आणि एकाला सेलरीची ॲलर्जी होती त्यामुळे ही नुसती औपचारिकता नव्हती. ही यादी भरायला बसले तेव्हा कळलं की आपण आपल्या डब्यात काय काय घालतो ते आपल्यालाच माहीत नसतं. पण ते पुढे सांगते, आधी ११ मेचा फज्जा.

एवढ्या लोकांसमोर पहिल्यांदा भाजण्यापेक्षा आधी एकदा करून बघू म्हणून शनिवारी ११ मेला आम्ही टेम्पलहोफर फेल्डवर गेलो. हे म्हणजे शहराच्या मध्यात असलेलं जुनं विमानतळ, २००८ मध्ये बंद झालं आणि २०१० पासून लोकांसाठी मोकळं आहे, धावपट्टीवर पोरं सायकल चालवतात. तिथे आखून दिलेल्या जागेतच ग्रिल करता येतं, कुठेही नाही. टियरगार्टन नावाच्या मोठ्या बागेत पूर्वी चालायचं, २०१२ पासून बंद आहे, तेव्हा जुन्या माणसांचं ऐकून तिकडे जाऊ नका.

मी सुपरमार्केटमधून दिसली ती जाडजूड ब्राटवुर्स्टची (म्हणजे भाजायच्या सॉसेजेसची) पाकिटं उचलली, नवऱ्याने कोळसा पेटवला, पेटवला म्हणजे पेटत नव्हता म्हणून पुठ्ठ्याने वारा घालत बसला, आणि ज्वाळा दिसल्या दिसल्या मी सॉसेजेस टाकली. वर हुशारी म्हणून घरून करून नेलेला गोड सॉस ब्रशने लावला, तंदूरला लावतात तसा. चार मिनिटांत सगळं काळं. साखर जळते हो. तंदूरच्या मॅरिनेशनमध्ये दही असतं, साखर नसते, एवढं साधं डोक्यात आलं नाही. त्यात मी शिजलं का बघायला काट्याने टोचत होते, प्रत्येक भोकातून चरबी खाली कोळशावर, खालून भडका, वरून धूर. बाहेरून कोळसा झालेलं सॉसेज कापलं तर आत गुलाबी आणि गार. शेजारच्या चटईवर एक तुर्की कुटुंब होतं, त्यातल्या काकू बराच वेळ बघत होत्या, मग उठून आल्या, काही न बोलता चिमट्याने सगळे निखारे एका बाजूला सारले, सॉसेजेस दुसऱ्या बाजूला ठेवली आणि हाताने खूण केली, थांब. मग आम्हाला त्यांच्यातले दोन सुजूक, म्हणजे तुर्की मसालेदार सॉसेज, पावात घालून दिले. माझ्या लेकीने ते खाल्ले आणि आईचं काळं सॉसेज शेजारच्या कुत्र्याला दिलं, कुत्र्याने वास घेऊन सोडून दिलं.

त्या दिवसानंतर जे शिकले ते असं, की निखाऱ्यांवर पांढरी राख धरेपर्यंत काही ठेवायचं नाही, चिमणी मिळते पत्र्याची, तिच्यात कोळसा भरून खाली पेटवला की वीसेक मिनिटांत तयार होतो, पुठ्ठा लागत नाही. स्पिरिट वगैरे कधीच ओतायचं नाही. सॉसेज टोचायचं नाही, चिमट्याने दर मिनिटाला थोडं थोडं फिरवत राहायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ब्राटवुर्स्ट दोन प्रकारची असते, एक कच्ची आणि एक आधी गरम पाण्यात शिजवून घेतलेली, तिला गेब्र्यूट म्हणतात. कच्चीला आत ७० अंश गाठायला हवेत, त्यासाठी टोचायचा थर्मामीटर मिळतो, मला १२ युरोला मिळाला. गर्दीसाठी डोळे झाकून गेब्र्यूट घ्या, ती आधीच शिजलेली असते, नीट गरम करून रंग आणायचा एवढंच काम राहतं. शिवाय पांढरट दिसणारी घ्यायची, गुलाबी नाही, कारण गुलाबी रंग ज्या मिठामुळे येतो ते जोरात भाजल्यावर तब्येतीला चांगलं नाही असं इथले सगळेच सांगतात.

आता सॉस. करीवुर्स्टची गोष्ट बर्लिनमध्ये दर दुसरा माणूस सांगतो. हेर्टा हॉयव्हर नावाच्या बाईंचा शार्लोटेनबुर्गमध्ये कांटश्ट्रासेच्या कोपऱ्यावर ठेला होता, ४ सप्टेंबर १९४९ ला त्यांनी पहिल्यांदा टोमॅटोचा सॉस आणि करी पावडर एकत्र करून सॉसेजवर ओतलं. युद्ध संपून चारच वर्षं झालेली, शहर विटांचा ढीग, आणि करी पावडर ब्रिटिश सैनिकांकडून मिळाली असं म्हणतात. पुढे १९५९ मध्ये त्यांनी चिलअप नावाने तो सॉस नोंदवला. तिथे आता पाटी आहे, मी मुद्दाम जाऊन बघून आले, समोर उभं राहून नमस्कार करावासा वाटला, नाही केला, लोक बघत होते. हॅम्बुर्गवाल्यांना हे सगळं मान्य नाही, ते आमच्याकडेच पहिली झाली म्हणतात, ते भांडण त्यांचं त्यांना लखलाभ.

तर त्या बाबाने करी तुझी म्हटल्यापासून मी घरी करी पावडरची डबी उघडून वास घेत होते. इथली करी पावडर पिवळीधमक, जराशी गोडसर, तिखट नाहीच. काहीतरी ओळखीचं होतं त्यात पण सापडत नव्हतं. गरम मसाल्यासारखं नाही, सांबारसारखंही नाही. एका रात्री चमच्यावर घेऊन नुसतीच चाटली आणि मग कडू चव मागे राहिली तेव्हा कळलं, मेथी. अख्ख्या जर्मनीला जो करीचा वास वाटतो तो निम्मा मेथीचा आहे. आणि मेथी, गूळ, आंबट असं एकत्र आलं की आमच्या घरात त्याला मेथांबा म्हणतात.

आईला फोन केला. म्हणाली कैरी कुठून आणशील. इथे एशियन शॉपमध्ये कैरी मिळते कधीमधी, नगावर, आणि भाव ऐकून आंबट तोंड होतं. पण मे-जूनमध्ये बाजारात रुबार्बच्या लाल-हिरव्या दांड्यांचे ढीग असतात, इतका आंबट असतो की जर्मन लोक त्याला साखरेत बुडवून केकमध्ये घालतात. इथे राहणाऱ्या निम्म्या मराठी बायका कैरीऐवजी रुबार्ब वापरतात, मीही डाळीत घालून बघितला होता. पानं मात्र फेकून द्यायची, विषारी असतात. आणि २४ जूनपर्यंतच घ्यायचा, सेंट जॉनचा दिवस असतो तो, त्यानंतर रुबार्ब तोडायचा नाही अशी इथली जुनी रीत आहे, झाडाला दम खाऊ द्यायचा म्हणून आणि दांड्यांत ऑक्झॅलिक आम्ल वाढतं म्हणून. आमचं फेस्ट २१ ला, म्हणजे तीन दिवस हातात. मग ठरलं, पोरांसाठी साधा करी केचप आणि मोठ्यांसाठी रुबार्बचा मेथांबा.

आणि इथे तो ॲलर्जीचा कागद आडवा आला. मेथांब्याची फोडणी लिहायला घेतली. मोहरी, चौदातली एक. हिंग, तर डबी फिरवून बघते तो बारीक अक्षरात गव्हाचं पीठ. इतकी वर्षं मी ग्लुटेन नको असणाऱ्या मैत्रिणीला फोडणीचं वरण वाढत होते! केचपमध्ये घालायला आणलेल्या वूस्टर सॉसच्या बाटलीवर अँचोव्ही, म्हणजे मासे. करी पावडरच्या एका पाकिटावर सेलरी आणि मोहरी दोन्ही. मी स्वयंपाकघरात खाली बसले अक्षरशः. शेवटी हिंग काढला, मोहरी काढली, फोडणी नुसत्या जिरं-मेथीची केली, वूस्टर सॉस ठेवून दिला, करी पावडर दुसरी आणली. आईला सांगितलं तर ती म्हणाली, मोहरीशिवाय फोडणी म्हणजे तडतडल्याशिवाय पाऊस. काय म्हणायचं होतं मला नीट कळलं नाही, पण नाराज होती एवढं कळलं.

४ जूनला खाटकाकडे ऑर्डर दिली. अडीच आठवडे आधी जास्त वाटतं, पण जूनमध्ये प्रत्येक किटाचं, प्रत्येक शाळेचं फेस्ट असतं आणि त्या वर्षी तर युरो कप जर्मनीतच होता. ८० डुकराची, ३० टर्कीची. टर्कीची सॉसेजेस मुसलमान मुलांसाठी म्हणून सांगितली तेव्हा त्या माणसाने बरं झालं बोललात म्हणाला, कारण आतलं मांस टर्कीचं असलं तरी वरचं आवरण बऱ्याचदा डुकराच्या आतड्याचं असतं. त्याने मेंढीच्या आतड्यातली करून दिली. मी मग त्या पालकांना सरळ विचारलं, तर दोघांनी सांगितलं की आम्हाला हलालच लागतं, आमचं आम्ही आणू. ते जास्त बरं झालं. नुसतं टर्की लिहून सुटका होत नाही, विचारा. ३० शाकाहारी वेगळी आणली, त्यांच्यासाठी वेगळं छोटं गॅसचं ग्रिल आणि वेगळा चिमटा, हिरवा दोरा बांधलेला.

बुधवारी १९ तारखेला रात्री मेथांबा केला. ३ किलो रुबार्ब, १ किलो २०० ग्रॅम गूळ, अडीच चमचे मेथीदाणे, तिखट, हळद, मीठ. भांडं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमचं नको, आंबट फार. मेथी तेलात मंद आचेवर बदामी होऊ द्यायची, जरा पुढे गेली की कडू जहर. मग जिरं, हळद, आणि रुबार्बचे दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे. कैरीच्या फोडी शिजल्या तरी फोडी राहतात, रुबार्बचं तसं नाही, पाच मिनिटं दुर्लक्ष केलं तर अख्ख्या भांड्याचा लगदा होतो. म्हणून मी निम्मे तुकडे आधी घातले, गूळ विरघळून पाक बुडबुडायला लागल्यावर निम्मे नंतर, आणि झाकण न ठेवता तीन मिनिटांत गॅस बंद. रंग आला गडद, चिंचगुळाच्या चटणीसारखा, आणि त्यात मधूनमधून गुलाबी तुकडे. रात्री बाराला खालचे आजोबा वासाने वर आले. एक चमचा खाल्ला, डोळे मिटले, आणि विचारलं यात करी घातली आहेस का. नाही म्हटलं, करीतलं जे असतं ते घातलंय.

शुक्रवारी २१ जूनला सकाळी सातला आईचा फोन. तिकडे साडेदहा. अगं वडाला जाऊन आलीस का, म्हणाली. मी खाटकाकडे निघाले होते. वटपौर्णिमा आहे हे साफ विसरले होते. बर्लिनमध्ये वड कुठला, आणि मी काही दरवर्षी उपास करते असंही नाही, पण एकदा आईने आठवण करून दिल्यावर मग तोंडात घास जात नाही, त्यामुळे केला. म्हणजे एकशे चाळीस सॉसेजेस भाजायची आणि एकही चाखायचं नाही. नवरा म्हणाला सातही जन्म मीच हवा असेल तर निदान मीठ बरोबर आहे का मी बघतो.

खाटकाकडून थंड खोक्यात बर्फाच्या पॅकसह माल घेतला, १० वाजता किटाच्या फ्रिजमध्ये. पाव, म्हणजे बर्लिनमध्ये ज्याला श्रिप्पे म्हणतात ते, बेकरीतून अडीचला. तीनला चिमण्या पेटवल्या, दोन मोठी ग्रिलं, शेजारी वाळूची बादली आणि आग विझवायची चादर, चरबी पेटली तर पाणी अजिबात ओतायचं नाही हे मी पोस्टरवर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलेलं, माझ्यासाठीच. ग्रिलच्या भोवती खडूने गोल काढला, मुलांनी त्याच्या आत यायचं नाही. हे करा, फार उपयोगी पडतं, पोरांना रेषेचा खेळ वाटतो. प्रश्नचिन्हवाला बाबा पण आला, आणि सांगायला हवं, तोच खरा कामाचा निघाला. तो जर्मनीतल्याच थुरिंगिया राज्याचा, त्यांच्याकडे सॉसेज भाजणं म्हणजे आपल्याकडे पुरण वाटणं. त्याने निखारे एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ असे पसरले, मला पातळ बाजूला उभं केलं आणि म्हणाला तू फक्त फिरवत राहा.

पहिल्या वीसमधली तीन फुटली, बाकी नाही. सॉसेज भाजत आलं की आधी घाम सुटल्यासारखं चकचकतं, मग त्यावर बारीक फोड येतात, मग तपकिरी पट्टे, आणि तेवढ्यात काढायचं. आतल्या मार्जोरम नावाच्या सुवासिक पाल्याचा वास येतो, ओव्यासारखा, धुरात मिसळून तो इतका भूक लावतो की उपासाचं पुण्य त्यातच फिटलं असेल. काढलं की फळीवर कात्रीने तुकडे, कागदी ताटलीत, वर गरम केचप, वर करी पावडर चाळणीने, लाकडी काटा खोचायचा. प्लॅस्टिकचे काटे २०२१ पासून बंदच आहेत. मेथांबा वेगळ्या वाडग्यात, आणि तो नेहमी भाजून झाल्यावर वरून, गार. गरम चरबीवर गार आंबटगोड.

पहिला तास मेथांब्याला कुणी हात लावला नाही. लोक पाटी वाचत, रुबार्ब, गूळ, बॉक्सहॉर्नक्ले म्हणजे मेथी, आणि नम्रपणे केचपकडे वळत. मला वाईट वाटायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू, दोन रात्री घातल्या होत्या मी त्यात. मग ती मोहरीची ॲलर्जी असलेली मुलगी आली आईबरोबर. आईने यादी बोटाने ओळ न् ओळ वाचली, माझ्याकडे बघितलं, मोहरी नाही? मी म्हटलं नाही, काढली. सेनफ म्हणजे मोहरीची पेस्ट इथे सॉसेजसोबत सगळे खातात, ही मुलगी कायम कोरडं खायची. त्यातून आतल्या मांसात मोहरी नाही हे खाटकाकडून लिहून घेतलेलं होतं तो कागद दाखवला. मुलीने एक तुकडा बुडवला, तोंड वाकडं केलं, डोळे बारीक केले आणि मग परत बुडवला. त्यानंतर तिच्यामागे रांग लागली. साडेपाचला वाडगा पुसून घेतला होता कुणीतरी पावाने.

सहाला ऑलिंपिक स्टेडियमवर पोलंड-ऑस्ट्रिया मॅच होती त्यामुळे पाच वाजता निम्मे बाबा घाईघाईने पळाले, आणि आवराआवरीच्या रकान्यातल्या पाचांपैकी चार त्यांच्यातले होते. तेव्हा मॅचचं वेळापत्रक बघून तारीख ठरवा.

हिशेब, कारण मैत्रिणीने तोच आधी विचारला. डुकराची ८० सॉसेजेस १२८ युरो, टर्कीची ३० ४५ युरो, शाकाहारी ३३, पाव ४९, कोळसा ३०, रुबार्ब आणि गूळ साडेसतरा, केचपचं सामान २२, ताटल्या-काटे-नॅपकिन १८. एकूण ३४२ युरो ५० सेंट. आम्ही किंमत लावली नव्हती, विक्री म्हटलं की आणखी नियम येतात म्हणून दानाचा डबा ठेवला होता, त्यात निघाले ४१८ युरो २० सेंट. उरलेले ७५ युरो ७० सेंट वाळूच्या खड्ड्यावरच्या छत्रीसाठी गेले. रोटे कार्टेचे २० माझे मीच भरले, पावती मिळेना. ती परवा सापडली, मेथीच्या डब्यात.

राख लगेच कचऱ्यात टाकू नका, वरून गार दिसते आणि आत दुसऱ्या दिवसापर्यंत धगधगते. आम्ही पत्र्याच्या बादलीत झाकण घालून दोन दिवस ठेवली. ग्रिलची जाळी गरम असतानाच तारेच्या ब्रशने घासा, आम्ही गार झाल्यावर घासली, रात्री नऊपर्यंत.

घरी आले तेव्हा केसांना, ब्लाउजला, घड्याळाच्या पट्ट्यालासुद्धा धुराचा वास. केळं खाल्लं, चहा प्याले, झोपले. शनिवारी सकाळी सगळे झोपलेले असताना फ्रिज उघडला तर डब्यात दोन सॉसेजेस उरलेली आणि बरणीच्या तळाला दोन चमचे मेथांबा. ओट्यापाशी उभ्यानेच, गारच, पावसुद्धा न घेता. तेवढ्यात आईचा फोन, उपास कशावर सोडलास गं. मी म्हटलं मेथांब्यावर. ती खूश झाली, मोहरीशिवायचा का, एवढंच विचारलं. बाकीचं तिला आता हे वाचून कळेल.